खिळ्यांच्या मशीनखालची पाचर

खिळ्यांच्या कारखान्यात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. तीन नंबरचं मशीन थरथरू लागलं, खिळे वाकडे पडू लागले, की बड्या बड्या इंजिनियरांची मती गुंग व्हायची. मग डॉक्टर यायचा, मशीनला कान लावायचा, सगळ्यांना लांब पिटाळायचा, आणि अर्ध्या तासात मशीन सुतासारखं सरळ! करायचा काय, तर मागच्या पायाखालची पत्र्याची पाचर जराशी सरकवायचा. एकवीस वर्षं त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारखाना बंदराजवळ हलवायचं ठरलं. तिकडे जागा स्वस्त, आणि कंत्राटावर पोरी हव्या तेवढ्या. जुन्यांपैकी चौघांनाच नेणार होते. त्यांत डॉक्टरचं नाव नव्हतं. मशीन ट्रकवर चढलं तेव्हा त्याने पाचर गुपचूप खिशात टाकली.

"बघच तू," घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "महिन्याभरात नाक घासत येतात की नाही."

जुन्या इमारतीत आता गोदाम होणार होतं. मेव्हण्याने तिथे रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. डॉक्टरने ती धुडकावली. डॉक्टर माणूस कधी दारात काठी घेऊन बसतो होय?

महिना गेला, दीड महिना गेला. बायको आधी फोनकडे बघायची, मग त्याच्याकडे. शेवटी त्यानेच मॅनेजरसाहेबांना फोन लावला.

"साहेब, तीन नंबर त्रास देत असेल ना? येऊ का मी?"

"छे हो डॉक्टर! मस्त चाललंय. एक नवीन पोरगी एकटी सांभाळते. अहो, मशीनमध्ये काही खोट नव्हतीच. आपल्या जुन्या जागेतली फरशीच खचलेली होती. बाकी तब्येत बरी ना?"

"बरी आहे," तो म्हणाला.

मग त्याने बायकोला सगळं सांगितलं, पाचरीसकट. लाजेने त्याची मान वर होईना. "मला मशीनमधलं काही कळतच नव्हतं गं. ती एक फरशी तेवढी कळत होती."

"मग दादाला विचारा," ती म्हणाली. "त्याच फरशीची राखण करा आता."

त्याने लगेच मेव्हण्याला फोन केला.

"दाजी, ती जागा केव्हाच भरली. ऐंशी जण आले होते हो! निम्मे तुमच्याच कारखान्यातले."

फोन ठेवून तो बायकोच्या शिव्यांची वाट बघत बसला. तिने एकही दिली नाही.