डोळ्यातली बाहुली आणि पंडरीचा श्यामकांत

रायपूरला पंडरीच्या कापड बाजारात श्यामकांत मोहरील कित्येक वर्षांपासून साड्या दाखवतो. दुकान त्याचं नाही, शेठचं आहे. पण लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं शेठला रामराम करतात आणि गादीवर बसतात ती श्यामकांतसमोर. माझ्या घरच्या सगळ्या लग्नांचा बस्ता त्यानेच बांधला. तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यात त्याचं घर माझ्या घराला लागून आहे, त्यामुळे मला त्याच्याबद्दल जरा जास्तच माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते कोणाला सांगितल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

त्याची पद्धत अशी. गिऱ्हाईक आलं की त्याला दाराजवळच्या उन्हातून उठवायचं आणि आत ट्यूबलाइटखाली बसवायचं. उन्हात डोळ्याची बाहुली बारीक होते, मग काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मग एकीवर एक साड्या उघडत जायच्या, आणि पाहायचं मात्र साडीकडे नाही, बाईच्या डोळ्यांकडे. एखादा पदर उघडला की बाहुली हळूच रुंदावते. काळ्याभोर डोळ्यांत ते दिसणं कठीण, त्यासाठी थोडं बाजूला सरकून बसावं लागतं. त्याच वेळी श्वासही क्षणभर अडतो. ती साडी वेगळी काढायची. बाई तोंडाने म्हणते, "रंग जरा भडक नाही का हो?" श्यामकांत म्हणतो, "हव ताई, भडकच आहे," आणि साडी ठेवतो तिच्या मांडीजवळ. शेवटी तीच साडी जाते.

"पसंत आहे का, असं कधी विचारायचंच नाही भाऊ," तो मला सांगायचा. "तोंडाचं बोलणं नवरा ऐकून राहिला असते, सासू ऐकून राहिली असते. बाहुलीले कोणाची सासू?"

हे ऐकलं की मला आमच्या गावच्या शाळेतले मास्तर आठवत. दुपारी ते लहान पोरांना झोपवत आणि स्वतःही भिंतीला पाठ टेकून डोळे मिटत. पण झोपेचं सोंग घेतलेलं पोट्टं त्यांना डोळे न उघडता ओळखू येई. खरा झोपलेला असतो त्याचा श्वास झोपाळ्यासारखा एका लयीत जातो-येतो. सोंगाड्या श्वास जपून जपून घेतो आणि मधेच एक भलामोठा सोडतो. तो सुटला रे सुटला की मास्तर मला म्हणत, "रामकृष्ण, सतराचा पाढा म्हण." तेव्हापासून माणसाचं अंग त्याची चहाडी करतं, हे मला पटलेलं आहे. म्हणून श्यामकांतच्या या विद्येचं मला फार कौतुक.

त्याची मुलगी ज्ञानदा. तेलीबांध्याकडच्या एका दवाखान्यात ती मेंदूचा आलेख काढायचं काम करते. रोग्याच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि मेंदूतल्या लहरी पडद्यावर पाहायच्या. पोरगी शांत. बोलते कमी, आणि बोलली तर अर्धं हिंदीत. श्यामकांत छाती फुगवून सांगे, "मी डोळे पाहतो, पोट्टी मेंदू पाहते. आमच्या घरात कोणाले काही लपवता येत नाही." त्याची बायको कुसुम आतून म्हणे, "डबा विसरून चालले, तेवढं दिसलं नाही वाटतं!"

गेल्या हिवाळ्यात ज्ञानदाला नागपूरचं स्थळ आलं. मुलगा शार्दूल, इंजिनियर, दिसायला नीटस, बोलायला मऊ. तो आई-वडिलांना घेऊन आला तेव्हा शेजारी म्हणून मीही बसलो होतो. चिवडा झाला, चहा झाला. मुलाची आई गोड हसून म्हणाली, "आमच्याकडे सुनेला नोकरीची काही गरज नाही बरं का. राणीसारखी राहील."

ज्ञानदा समोरच बसली होती. श्यामकांत सवयीने जरा बाजूला सरकला आणि त्याने लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं. बाहुल्या टपोऱ्या झालेल्या. श्वास अडलेला. त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पाहुणे गेल्यावर त्याने माझा हात धरला. "पाहिलं का भाऊ? उभ्या जन्मात एवढी मोठी बाहुली नाही पाहिली मी. पसंत आहे!"

कुसुम म्हणाली, "अहो, तिले विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? लाजून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणेल. डोळे खोटं बोलत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी त्याने फोनवर शब्द दिला. साखरपुड्याची तारीख ठरली. ज्ञानदा सकाळी कामावर जायची, संध्याकाळी यायची, आणि आधीपेक्षाही गप्प.

साखरपुडा जवळ आला आणि तिच्या दवाखान्यात एक नवं काम निघालं. माणूस सुस्त असतो, सावध असतो, दचकतो, तेव्हा त्याचा श्वास, डोळ्याची बाहुली आणि मेंदूच्या लहरी एकमेकांबरोबर कशा बदलतात, याचा तिथले डॉक्टर अभ्यास करत होते. त्यासाठी धडधाकट माणसं हवी होती. श्यामकांत उडी मारून तयार झाला. "अरे, हा तर माझाच धंदा!" सोबतीला मला घेतलं. मी का सोडतोय?

दुपारची वेळ. ज्ञानदाने वडिलांच्या डोक्याला चिकट मलम लावून तारा बसवल्या, छातीला श्वास मोजायचा पट्टा बांधला, डोळ्यांसमोर छोटा कॅमेरा ठेवला. श्यामकांत म्हणाला, "भाऊ, कसा दिसून राहिलो?"

"बिघडलेल्या रेडिओसारखा," मी म्हणालो.

"बाबा, हसू नका. लहरी बिघडतात," ज्ञानदा म्हणाली. "डोळे मिटा. आराम से बैठिए."

त्याने डोळे मिटले. पडद्यावर एकसारख्या, गोलसर, मोठ्या लहरी उमटायला लागल्या, तळ्यावर मंद वारा असावा तशा. श्वासाची रेघही संथ. "डोळे उघडा," ती म्हणाली, आणि लहरी एकदम बारीक, दाटीवाटीच्या झाल्या. मग तिने मला टाळी वाजवायची खूण केली. मी अशी कडकडून वाजवली की श्यामकांत खुर्चीत उडाला. पडद्यावर त्याची बाहुली फुगली, श्वास अडखळला, लहरी विस्कटल्या. मग तिने त्याला तोंडी वजाबाकी करायला लावली. पुन्हा बाहुली मोठी, श्वास बदललेला, लहरी बारीक. टाळीच्या वेळेएवढं नाही, पण जात तीच.

"हे तिन्ही एका वेळी कसं काय होते?" मी विचारलं.

"काका, मेंदूच्या मुळाशी एक इवलासा निळसर ठिपका असतो. तो चेतला की सगळ्या मेंदूला जागं करतो. त्याचाच धक्का बाहुलीला लागतो, श्वासाचाही त्याच्याशी संबंध आहे. घरात कोणी आलं की कुत्रा भुंकतो ना, वैसा ही समझिए."

श्यामकांत खूश. "आता मले त्यातली आनंदाची लहर दाखव. एखाद्याले काही आवडते, ती कोणती?"

"तशी वेगळी लहर यात नाही दिसत बाबा."

"असं कसं? मग बाहुली?"

"बाहुली फक्त सांगते की माणूस चेतला. मिठाई पाहून मोठी होईल, साप पाहूनही होईल, हिशोब करतानाही होते. कुत्रा भुंकला म्हणजे दारात कोणीतरी आहे एवढं कळतं. पाहुणा आहे की चोर, ये वो नहीं बताता."

मी पडद्याकडे पाहत होतो. टाळी नाही, वजाबाकी नाही, खोलीत काहीच घडलं नव्हतं, पण श्यामकांतची बाहुली मोठी मोठी होत चालली होती आणि श्वासाची रेघ वर जाऊन तिथेच थांबली होती.

"काय झालं बाबा?" ज्ञानदाने विचारलं. "कायचा विचार करून राहिले?"

"विचार तुझ्या मशीनले."

"मशीन नाही सांगत. तुम्ही सांगा."

तारांसकट तो तिच्याकडे वळला. "बेटा, शार्दूलची आई ते राणीसारखी राहील म्हणाली, तेव्हा तुझे डोळे... ते काय होतं?"

ज्ञानदाने हातातलं मलम खाली ठेवलं. मी बाहेर जायला उठलो, तर म्हणाली, "बसा काका." मग वडिलांना म्हणाली, "भीती वाटली होती बाबा. खूप."

"शार्दूलची?"

"त्याची काहून वाटंल? त्याच्याशी बोललेच कुठे मी! हे काम सोडावं लागेल, याची. आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही हसले, याची."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

श्यामकांतने हात वर करून तारा काढायला सुरुवात केली, तर ती ओरडली, "बाबा, ओढू नका, केस निघतील!" आणि स्वतः एकेक करून सोडवू लागली. ओल्या कापडाने त्याचं डोकं पुसता पुसता ती रडत होती, तोही रडत होता. मी मास्तरांसारखे डोळे मिटून घेतले.

परतताना तो रिक्षात एवढंच म्हणाला, "भाऊ, दुकानात येणारी बाई साडी घ्यायलाच आलेली असते. तिथे भ्यायसारखं काय असते? म्हणून माझा अंदाज चालला. मले वाटलं, सगळीकडे चालंल."

मला त्याचं म्हणणं अजून आठवतं. आपण माणसाच्या अंगावरचं जे वाचतो, त्यातलं अर्धं आपणच तिथे लिहिलेलं असतं. डोळे खोटं बोलले नव्हते. ते फक्त अर्धंच बोलले होते, उरलेलं श्यामकांतने आपल्या आनंदाने भरून काढलं.

घरी येताच त्याने हातपाय न धुता नागपूरला फोन लावला. कुसुम पदर तोंडाशी धरून उभी. शार्दूलच्या वडिलांना तो म्हणाला, "साखरपुडा थांबवा. नाही, मुलाचा काही दोष नाही. मी मुलीले न विचारता शब्द दिला, चूक माझी. आता तिचं तीच बोलंल." आणि त्याने फोन ज्ञानदाच्या हातात दिला.

इतकं सलग मराठी तिला बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "काका, मी काम सोडणार नाही. हे तुम्हाला चालत नसेल तर माझा राग नाही. चालत असेल तर मला आधी शार्दूलशी बोलायचं आहे, मोठ्यांशिवाय." पलीकडून मुलाच्या आईचा आवाज आला, इतका चढलेला की मलाही ऐकू यावा. फोन तिकडूनच बंद झाला.

कुसुम खुर्चीत बसली. "झालं! आता तात्यापाऱ्यात काय सांगायचं?"

"मी आहे ना सांगायला," मी म्हणालो. पहिल्यांदाच या कामासाठी माझी कोणाला गरज पडली होती.

पंधरवड्याने शार्दूल एकटाच रायपूरला आला. घरच्यांना सांगून आला होता की न सांगता, ते मला कळलं नाही, आणि मला न कळणं म्हणजे बघा. दोघं तेलीबांध्याच्या तळ्याकाठी दुपारभर बसले. ज्ञानदा घरी आली तेव्हा मी ओट्यावरच होतो. श्यामकांत दारात उभा होता. तिने चपला काढल्या, तशी त्याने मान खाली घातली. तिचा चेहरा त्याने पाहिलाच नाही.

"काय ठरलं बेटा?" त्याने विचारलं.

"तो इकडे बदली मागून राहिला. मिळाली तर हो, नाही मिळाली तर नाही. दोघांनी तसंच ठरवलं."

"आणि तुले तो आवडला का?"

"अजून ठरवून राहिले बाबा. ठरलं की सांगीन."

"बरं," श्यामकांत म्हणाला, आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेला.