मातीत घातलेलं पीक

किस्से जमवायला शेत पिकावं लागत नाही. न पिकणाऱ्या शेतात ते जास्त उगवतात! मी आणि माझा मित्र आनंद, दोघंही म्हैसूरच्या शिंपी घरांतले. नंजनगूडच्या पुढे खंडानं घेतलेली जमीन खतं खाऊन दगड झाली होती. तिच्यात जीव आणायचा, म्हणून ताग, चवळी पेरून ती मातीतच गाडायची ठरवली. पण लोक गाडू देतील तर ना!

*

दुकानात तागाचं बी मागितलं. दुकानदार म्हणाला, "युरिया घ्या."

"बीच हवंय."

"कशाला?"

"उगवून गाडायला."

त्यानं आनंदला बाजूला घेऊन विचारलं, "सार, ह्यांच्या घरी माहितेय का?"

*

चवळी गाडायच्या आदल्या दिवशी म्हैसुरातल्या बोगादीत राहणारी मेहुणी सहलीला आली. अख्खी गल्ली घेऊन! शेंगा तोडल्या, वेलही उपटले. मी ओरडलो, तर म्हणते कशी, "अय्यो भावजी, सुम्ने, उगाच मातीत घालण्यापेक्षा सारात घातलेली बरी, अल्वा?"

वर पिशवी माझ्याच हातात दिली, बसपर्यंत न्यायला.

*

ताग फुलावर आला की लगेच गाडायचा असतो. पण पिवळंधमक शेत बघून आनंदचा पुतण्या हटून बसला, "काका, प्री-वेडिंग शूट इथंच!" आधी फोटोग्राफर मिळेना, मग नवरीला ताप. तोवर ताग इतका निबर झाला की रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळूनच बसला. माझं डोकं फिरलं!

ड्रायव्हर खाली उतरला. "शिंपी ना तुम्ही? मग या, उसवा!"

*

पुढच्या पावसाळ्यात कुणाला कळूच दिलं नाही. ताग वेळेवर गाडला. माती काळी, भुसभुशीत झाली. मूठभर उचलली की गांडूळ वळवळायचं. आनंदच्या डोळ्यांत पाणी आलं. जमिनीचा मालकही येऊन माती चुरडून बघून गेला.

नाचणी पेरायला गेलो, तर शेताच्या जागी गुडघाभर खड्डा आणि जेसीबीच्या चाकांचे ठसे! वरचा थर गायब. मालक शांतपणे म्हणाला, "खंड पिकाचा होता. माती माझी." असा संताप मला जन्मात आला नव्हता.

रविवारी माझा मेहुणा घरी आला. आपल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गच्चीवरच्या कुंड्यांसाठी नर्सरीतून मातीचं पोतं आणलं होतं. तोंड सोडलं. आत तागाचे अर्धवट कुजलेले देठ.

"नंजनगूडकडची आहे. वास घेऊन बघा, भावजी!" तो म्हणाला. "अशी माती हल्ली कोण तयार करतं?"