हरणीच्या गोठ्यातला कॅमेरा

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आमच्या धंद्यात तो बसायला जागाही नाही. इंदापुरात आमचं सीसीटीव्हीचं दुकान आहे. नवरा शिडीवर चढून कॅमेरे बसवतो, मी गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर ते सुरू करून देते. अधूनमधून फोन येतोच — "म्याडम, क्यामेऱ्यात पांढरं कायतरी हलतंय." मी सांगते, कोळी आहे, फडक्यानं काच पुसा. आजवर दरवेळी कोळीच निघालाय. हे लिहिणारी बाई अशी आहे, एवढं लक्षात असू द्या.

माझं माहेर पणदरे. तिथं आई, दादा आणि वहिनी. यंदा उन्हाळ्यात आई गोठ्यात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी तिला माझ्याकडे आणलं, आणि तिकडे तिच्या हरणी गायीनं दूध चोरायला सुरुवात केली. आईची हाक ऐकल्याशिवाय ती पान्हाच सोडत नसे. वहिनी धारेला बसली की लाथ. दादा वैतागून म्हणाला, बाजारात नेऊन विकतो. हे कळल्यापासून आई ताट बाजूला सारायला लागली. गाय राहिली काय, गेली काय... मला घोर होता तो आईचा.

मग आमचाच धंदा कामी आला. बोलता येणारा कॅमेरा गव्हाणीवरच्या वाशाला बसवला, घरातल्या वायफायला जोडला, ॲप आईच्या मोबाईलमध्ये टाकलं. इंदापुरात बसून पणदऱ्याचा गोठा दिसायला लागला. बोलायचं असेल तर माईकचं बटण दाबून धरायचं. हे शिकवताना मी मेटाकुटीला आले.

"दाबूनच धरायचं व्हय गं? अंगठा दुखतोय की."

"दुखू दे. बटण सोडलंस तर हरणीला ऐकू जाणार नाही."

संध्याकाळी धारेच्या वेळी आईनं अंगठा रोवला. "हरणे... ये माझे बाय, सोड." हरणीनं कान टवकारले, मान वर करून वाशाकडे बघितलं, आणि बादलीत धार वाजायला लागली. त्या दिवशी आई भाकरी मागून घेऊन जेवली. पुढं सकाळ-संध्याकाळ हेच.

दिवाळीच्या आधी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बारामतीला दवाखान्यात ठेवलं. घाईत तिचा मोबाईल इंदापुरात घरीच राहिला आणि बंद पडला. दादा येऊन बघून गेला, बाहेरच्या बाकड्यावर बसून रडला. हरणीचा विषय कुणीच काढला नाही.

आणि एका संध्याकाळी वहिनीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, आत्यांची वाचा आली आन तुमी कळवलं बी न्हाय?"

आत्या म्हणजे माझी आई. मी कॉटकडे बघितलं. आई छताकडे बघत पडली होती. तोंड वाकडं, ओठ मिटलेले.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? आत्ताच हरणीशी बोलल्या की. कालबी बोलल्या. बादली भरून दूध दिलंय तिनं."

माझ्या मोबाईलवर ॲप उघडलं — कॅमेरा ऑफलाइन. कुणीतरी चावटपणा करतंय म्हणून पासवर्ड बदलला, तरी मन थाऱ्यावर येईना. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आईजवळ बसवून पणदऱ्याला गेले. कॅमेऱ्याचा दिवा विझलेला. वायर धरून मागं गेले तर पिन बोर्डातून काढून खुंटीला अडकवलेली.

"कडबाकुट्टीला बोर्ड लागतोय, म्हनून मीच काढली," वहिनी म्हणाली. "आत्या दवाखान्यात गेल्या तवाच काढलीया. त्यो नेटवर चालतो न्हवं?"

एरवी मी हसले असते. धारेची वेळ झाली, वहिनी बादली घेऊन बसली. हरणी पाय आपटत होती. मग एकदम थांबली. कान टवकारले, मान वर केली, वाशाकडे बघितलं... आणि धार वाजायला लागली.

"आल्या बगा," वहिनी म्हणाली. "किती मोकळं बोलत्यात."

मला काही ऐकू आलं नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंगही करत होते, त्यात नुसता दुधाचा आवाज आहे. खरं सांगते, भीतीपेक्षा रागच आला. पोटची पोर मी, हाक ऐकायला मी तरसतेय, आणि ती ऐकू येते गायीला आणि सुनेला. पिन अजून तशीच खुंटीला आहे.

आई आता घरी आहे. वाचा आलेली नाही. पण संध्याकाळी धारेच्या वेळेला तिचा डावा अंगठा गोधडीवर रुततो, नख पांढरं पडेपर्यंत, आणि थोड्या वेळानं सैल होतो. डॉक्टर म्हणाले, सवय असेल. असेलही. हरणीचं काय, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

हल्ली त्या वेळेला मी दुकानातून उठून घरी येते आणि तिच्या अंगठ्याखाली माझा तळहात ठेवते. ती दाबते, चांगलं दुखेपर्यंत दाबते. मी कान देऊन बसते. अजून काही ऐकू आलेलं नाही.