पेटीची सैल बिजागरी

मागच्या मंगळवारी सकाळी, मुलुंडला आमच्या बाहेरच्या खोलीत बसून मी पेटीच्या भात्याची बिजागरी बदलली. काम एकदम झकास झालं... आणि त्याच कामाने माझी वाट लागली.

माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. ते काम कुणी शिकवलं नाही, उघडून बघत शिकलो. पेटीही तशीच... ना क्लास, ना गुरू. पण सूर केसभरही हललेला मला चालत नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

नात झाली, रेवा. लेक-जावई तेव्हा शेजारच्याच विंगमध्ये राहायचे, दोघंही नोकरीवाले, त्यामुळे पोर दिवसभर आमच्याकडे. तिच्या दिवसाला मी चाली बांधल्या. शब्द नाहीत, नुसती पेटी.

उठायची वेगळी, आंघोळीची जरा उड्या मारणारी, बूट घालायची अगदी आखूड... कारण बूट घालताना पोरांना दम नसतो. झोपेची चाल सगळ्यात खालच्या सुरांत, प्रत्येक ओळीला लय थोडी ओढलेली. पोर रडत असेल तर एकदम शांत वाजवायचं नाही. आधी तिच्या रडण्याच्या लयीत वाजवायचं आणि मग हळूहळू तिला खाली उतरवायचं... हे मला तिनेच शिकवलं.

मग जावयाची ऑस्ट्रेलियात बदली झाली. तीन वर्षांची रेवा आईबाबांबरोबर गेली.

तिकडे पोर झोपेचना. नवं घर, पाळणाघरात कुणाचं बोलणं कळत नाही... रात्री रडून रडून ओकायची. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तू व्हिडिओ कॉलवर वाजव ना यार. काहीतरी करू या."

तिकडची रात्र म्हणजे आमची दुपार. जेवायला घरी आलो की ताटाआधी पेटी. आणि रेवा झोपायला लागली! सूर समुद्र ओलांडून जातात, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. बायको म्हणाली, "अहो, पुरे आता. लिफ्टमनचंसुद्धा पाठ झालंय."

एकच गोष्ट मला खुपायची. भात्याची बिजागरी झिजून सैल झाली होती, भाता मिटला की दर वेळी खट् व्हायचं. माझ्या घरात अशी पेटी? मंगळवारी दुकान बंद असतं. नवी पितळी बिजागरी बसवली, आतून नमद्याची मऊ लोकरी पट्टी चिकटवली, खट् बंद. जुनी लगेच भंगारवाल्याला दिली.

दुपारी कॉल लावला. पेटी अशी गोड वाजत होती म्हणून सांगू...

"आजोबा, वाजव ना."

"अगं, वाजवतोय की."

"नाही वाजवत तू."

मी भाता आणखी भरला. ती रडायला लागली. मागून लेकीचा आवाज, "बाबा, खरंच काही येत नाहीये रे."

लेकीने मागे एकदा असाच एक कॉल रेकॉर्ड करून ठेवला होता, गाडीत लावायला. तो मागवला, हेडफोन लावून ऐकला. एक सूर नाही. माझं खोकणं, आतून बायकोची हाक, आणि मधे सगळी शांतता... खट्... खट्... खट्.

मग डोक्यात प्रकाश पडला. फोनला लांबलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटते, म्हणून फोन तो कापून टाकतो. आखूड ठोका तेवढा जाऊ देतो. माझा जन्म पंख्यांत गेला आणि हे माझ्या लक्षात येऊ नये?

लेकीला विचारलं, इतके महिने बोलली का नाहीस. ती म्हणाली, "सुरुवातीला थोडं थोडं यायचं बाबा. मग ती झोपायला लागली... आणि तू एवढा खूष दिसायचास."

मी हार मानणारा नाही. फोनमधलं ते घरघर गाळायचं सेटिंग शोधलं, बंद केलं. दुसऱ्या दिवशी सूर अख्खा पोचला, लेकीनेही सांगितलं. खालच्या षड्जापासून पूर्ण चाल वाजवली... याहून चांगली मी कधी वाजवली नसेन.

रेवाने ऐकली. मग आईकडे वळून म्हणाली, "हे नको. आजोबांचं लाव."

मित्रांनो, या पोरीने बोलायच्या आधी माझे सूर ऐकलेत. ती चाल सुरू झाली की खांद्यावर तिची मान पडायची. काही महिन्यांत सूर पुसले गेले... राहिलं काय, तर जे मला लाज वाटून काढून टाकावंसं वाटलं ते.

तेव्हापासून खटपट चालू आहे. नमदा उपटला, नव्या बिजागरीचे स्क्रू ढिले केले, तर नुसतं फटफट वाजतं. लाकडी पळीने पेटीवर ठोकून पाहिलं. रेवा म्हणाली, "हे दार आहे." लेकीने ते जुनं रेकॉर्डिंग लावलं, तर म्हणाली, "हे गाडीतलं आहे." भंगारवाल्याकडे गेलो, तो हसला, "अंकल, वो तो कबका गल गया होगा."

पोर परत झोपत नाहीये. लेक सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जाते. रोज दुपारी मी फोनसमोर बसतो, एकही पट्टी न दाबता, नुसता भाता हलवत. ती बघत राहते, आणि मग विचारते, "आजोबा कुठे आहेत?" मी समोरच असतो.

म्हणून ही पोस्ट. कुणाच्या माळ्यावर मोडकी पेटी पडली असेल, भात्याची बिजागरी झिजलेली, तर कृपा करून कळवा. ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत कुठेही येऊन घेऊन जाईन, उपकार मानीन. फक्त घासूनपुसून ठेवू नका... आणि तेल तर अजिबात घालू नका.