आमच्या वर्गात पहिले

शेजारच्या गच्चीवर आज पाण्याची टाकी दुरुस्त करायला माणसं आली आहेत. फायबरची पांढरी जाळी अंथरून वर ब्रशने रेझिन फासायचं काम चालू आहे आणि त्याचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास भिंती ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आला आहे. खिडकी लावून घेतली तरी फटीतून येतोच. लोकांना म्हणे वासावरून आजोळ आठवतं, कुणाला लग्नातला गजरा आठवतो. मला या वासाने माझी फजिती आठवते आणि एवढ्या वर्षांनंतरही कानाच्या पाळ्या गरम होतात. जन्मभर शाळेत शिकवलं, वर्गावर जाताना कधी पाय अडखळला नाही. पण हा वास आला की मला अजूनही बाकाखाली लपावंसं वाटतं.

आमचे हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या टाक्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात होते. मूळचे उमरठचे. म्हणजे लहानपणी पाणी पाहिलं ते विहिरीचं आणि ओढ्याचं; समुद्र त्यांना भेटला तो नोकरी लागल्यावर. नव्वदीच्या दशकात मुंबईच्या कुणा हौशी माणसाने आपली फुटलेली शिडाची होडी दुरुस्तीसाठी या कारखान्यात पाठवली. टाक्या बनवणारे फायबरचं काम चांगलं करतात एवढंच त्याला ठाऊक होतं. ह्यांनी ती भेग बुजवली, घासून गुळगुळीत केली, रंग दिला. पण तो माणूस होडी न्यायला काही आला नाही. परदेशात स्थायिक झाला आणि शेवटी निरोप आला की ठेवा तुम्हालाच. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा तो उदार झाला आणि आमच्या घरात, जिथे सायकल ठेवायलाही जागा नव्हती, तिथे एक होडी आली.

ती साधी होडीही नव्हती. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, वर आडव्या दांड्या टाकून त्या एकमेकींना जखडाव्यात, मधल्या मोकळ्या जागेत जाळी ताणावी आणि बरोबर मध्यावर डोलकाठी उभी करावी, असा तो प्रकार. इंग्रजीत त्याला कॅटमरान म्हणतात. दासगावच्या बंदरावर ती नांगरून पडली तेव्हा बघ्यांनी तिचं इंग्रजी नाव दोन दिवसही टिकू दिलं नाही. दोन होड्या बांधलेल्या बघून कुणीतरी म्हणालं, ‘हे तर जोडपं हाय.’ झालं. त्या दिवसापासून होडी जोडपं झाली आणि आम्ही दोघं चेष्टेचा विषय. भाजी घेताना बाया विचारायच्या, जोडपं पाण्यात कधी जायचं. शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारायचं, जोडप्याला रंग दिला का. मी हसून साजरं करायची आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटायची.

दर रविवारी आम्ही दासगावला. ह्यांनी होडीला काय काय म्हणून घातलं! डोलकाठी उभी धरणाऱ्या पोलादी तारा बदलल्या, सुकाणूची पाती नवी घडवली, होकायंत्र बसवलं, नारिंगी जाकिटं आणली, पुढे मोबाइलएवढं एक यंत्र आलं, ते आपण समुद्रावर कुठे आहोत ते आकड्यांत सांगायचं. पुढचं शीड जुनं होऊन फाटलं होतं. नवं शीड कुठे शिवून मिळणार? शेवटी लग्नाचे मंडप घालणाऱ्याच्या शिलाई मशीनवर ते शिवलं. म्हणून आमच्या शिडाला कनातीसारखी दुहेरी शिवण होती आणि कडेला, शिवणाऱ्याने हौसेने लावलेली, लाल पट्टी. माझ्या अंगावरच्या दागिन्यांपेक्षा त्या होडीच्या अंगावर तारा जास्त, असं मी एकदा चिडून म्हटलं. हे म्हणाले, दागिने घालून तू बाणकोटला जाऊ शकशील का? या माणसाशी भांडणं कठीण होतं.

बाणकोटपर्यंत खाडीने जायचं. आंबेतच्या पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी करावी लागे. पहिल्या खेपेला खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या आणि मी हरिहरेश्वर दिसेपर्यंत ओकत होते. पण मग कसं कोण जाणे, ते अंगवळणी पडलं. ही जोडहोडी साध्या होडीसारखी एका कुशीवर कलत नाही; दोन पायांवर उभ्या असलेल्या माणसासारखी सरळ राहते. चहाचा कप ठेवला तर सांडत नाही. जाळीवर पालथं पडावं, खालून पाणी पळत असतं, कधी जाळीतून तोंडावर फवारा येतो, कानाशी तारांची बारीक शीळ चालू असते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड असे आम्ही सुट्टीसुट्टीत सरकत गेलो. किनाऱ्यापासून लांब गेलं की गाव दिसेनासं होतं, मग झाडी, मग फक्त सह्याद्रीची निळी रेघ उरते. त्या रेघेत कुठेतरी माझं माहेर कापडे आहे, तिथे माझे वडील, आबा, भाताच्या खाचरात असतील, असं मनात येई आणि उगीचच हात उंच करावासा वाटे.

मग शर्यत. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या समुद्रात शिडाच्या होड्यांची शर्यत होती आणि तिच्यात जोडहोड्यांचा वेगळा गट, त्यांच्या भाषेत ‘क्लास’, होता. ह्यांनी नाव घातलं. आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने होडी मुंबईला नेली. गटात आमच्यासह तीन होड्या होत्या असं सांगण्यात आलं. प्रत्येक गटाला त्याच्या वेळेला सोडायचे, आमचा शेवटचा. आमच्या आजूबाजूला दुसरी जोडहोडी दिसत नव्हती, पण आम्हाला वाटलं, आपल्यालाच उशीर झाला, त्या पुढे गेल्या असतील. वारा अंगात आल्यासारखा सुटला होता. शीड भरलं, होडी उसळली आणि आम्ही सुटलो. पंचांच्या बोटीवरून भोंगा वाजला, निशाणं वर चढली आणि बोटीतली सगळी माणसं आमच्याकडे बघून हात हलवू लागली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, जोरजोरात. हे म्हणाले, बघ, मुंबईची माणसं किती मोकळी असतात. मी जाळीवर उभी राहिले आणि ओढणी काढून ती हलवली. एसटी सुटताना निरोप द्यायला आलेल्यांना हात हलवायचा, ते दिसेनासे होईपर्यंत हलवायचा, हे आमच्या रक्तात. त्यांनी अजून जोरात हलवले. आम्हीही.

उरलेला दिवस कसा गेला ते मला सांगता येणार नाही. लांबवर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून आलो, परतताना वारा पाठीशी आला, दोघांचे ओठ मिठाने फुटले होते. चाळिशी जवळ आलेल्या एका मास्तरणीला इतकं हलकं वाटावं याचंच मला नवल वाटत होतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस. संध्याकाळी धक्क्यावरच्या बक्षीस समारंभात पंचांचे प्रमुख इंग्रजीतून एक किस्सा सांगू लागले आणि सगळे हसू लागले. आम्हीही हसत होतो. अर्ध्या वाटेत मला कळलं की किस्सा आमचाच आहे. बाकीच्या दोन जोडहोड्या आल्याच नव्हत्या, म्हणून त्या गटाची शर्यत रद्द केली होती. निशाणांचा अर्थ तोच होता. हात हलवणारी माणसं आम्हाला परत बोलावत होती. आणि आम्ही त्यांना टाटा करून, नसलेल्या शर्यतीत, दिवसभर जिवाच्या आकांताने धावत होतो. किस्सा संपल्यावर त्यांनी कपाटातून काढलेला एक बक्षिसाचा पेला आम्हाला दिला, प्रेमानेच दिला, सगळे उभे राहिले. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात. तिथे तर धरणीही नव्हती, लाकडी फळ्यांचा धक्का होता.

ह्यांना या सगळ्याची गंमत वाटत होती. त्यांनी बूथवरून आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्या शेठना फोन लावला. शेठनी विचारलं, कितवे आलात? हे हसत म्हणाले, आमच्या वर्गात पहिले; वर्गात एकटेच होतो. फोनमध्ये खरखर होती. दुसरं वाक्य महाडला पोचलं नाही. पोचलं ते पहिलं, आणि वर्गात पहिला याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो.

होडी मुंबईलाच ठेवून आम्ही रेल्वेने वीर स्टेशनला उतरलो तर रिक्षावाल्याने हार घातला. पैसे घेईना. गावात चौकात फलक लागलेला: मुंबईच्या समुद्रात महाडचा झेंडा. खाली आमच्या लग्नातला फोटो; शेठनी तो सासूबाईंकडून नेलेला. सत्कार माझ्याच शाळेच्या सभागृहात ठेवला होता. माझी मुलं लेझीम घेऊन दारात उभी होती आणि ज्यांना मी रोज खरं बोलायला शिकवत होते ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. आणि व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत, धुतलेलं धोतर, नवी टोपी, कापड्याहून आलेले आबा. ज्यांना आजवर पारावर ऐकावं लागलं होतं की तुमच्या जावयाने डोंगरात होडी घेतली म्हणे. ते आज ताठ बसले होते. मी ह्यांच्या कानात म्हटलं, आता काय करायचं? हे म्हणाले, करायचं काय, खरं सांगायचं. मला ते आवडलं आणि त्याच क्षणी माझी नजर आबांच्या नव्या टोपीकडे गेली.

आधी शाली झाल्या. ह्यांना, मला, आणि असा जावई निवडला म्हणून आबांना. आबांनी दोन्ही हात जोडले, सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आबांनी पुन्हा हात जोडले. मग हे बोलायला उभे राहिले.

“आमच्या गटाची शर्यत रद्द झाली होती,” हे म्हणाले. “ते परत बोलावत होते, ते आम्हाला कळलं नाही. आम्ही एकटेच होतो. त्यामुळे पहिले काय आणि शेवटचे काय.”

मग शेठ उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, “याला म्हणतात विनय. पेला हातात असून माणूस म्हणतो, मी कुणी नाही.” टाळ्यांनी पत्रे दणाणले. ह्यांनी दोनदा पुन्हा सांगायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी ते जास्तच थोर ठरले. खोटं लपवणं अवघड असतं असं ऐकलं होतं. खरं सांगून ते कुणी न घेणं त्याहून अवघड आहे. मी मान खाली घालून बसले, तर पुढच्या ओळीतल्या कुणीतरी त्यालाही विनयच म्हटलं.

घरी आम्ही जेवायला बसलो. हे हात धुवायला उठले तेव्हा आबांनी हळूच विचारलं, “जावयबापू बोलले ते खरंच ना गो?”

“हो, आबा.”

“मला कळलं. थितंच बसल्या जागी कळलं.” त्यांनी ताटातला भात गोळा केला, पुन्हा पसरला. “पन शाल आदीच घातली व्हती अंगावर.”

सकाळी ते पोलादपूरच्या गाडीने गेले. मी स्टँडवरून परत आले तर शाल पाहुण्यांच्या खाटेवर ठेवलेली होती, चौघडी करून, कडेला कड जुळवून. विसरले असतील म्हणून मी पुढच्या खेपेला कापड्याला नेली. त्यांनी ती बघितलीही नाही. राहू दे तुमच्याकडं, एवढंच म्हणाले. गावात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी जावयाचं कौतुक काढलं की ते गोठ्याकडे निघून जात, हे मला आईकडून कळायचं. ह्यांनी होडी परत आणली, आम्ही अजून काही वर्षं हिंडलो, मग गोव्याकडच्या एका तरुण जोडप्याला ती दिली. हे आजही तो टाटाचा किस्सा पाहुण्यांना खुलवून सांगतात आणि पोट धरून हसतात. मी चहा ठेवायला आत जाते. माझी लाज पंचांपुढची नव्हे, गावापुढचीही नव्हे. माझ्या सगळ्यात सुंदर दिवसाची किंमत माझ्या बापाने मान खाली घालून दिली, त्याची आहे.

आबांच्या अखेरच्या आजारपणात त्यांना मी महाडला आणलं. पौषातली दुपार होती, अंगात कणकण, ते कुडकुडायला लागले. हाताशी आली ती शाल काढून मी त्यांच्या अंगावर टाकली आणि टाकल्यावर लक्षात आलं, कुठली ते. आबांनी डोळे उघडले. अंगठ्याने काठाची जर चाचपली. मी ती काढायला वाकले.

“असू दे,” आबा म्हणाले. “आता कोन बघतंय.” आणि त्यांनी ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

त्यांना ऊब आली तशी झोप लागली. मी बराच वेळ पायाशी बसून होते. माणसाची उमर सरते, बघणारे एकेक करून उठून जातात, फलक उतरतात, लेझीम खेळणारी मुलं नोकरीला लागून परगावी जातात. शेवटी दोनच माणसं उरतात, एक पांघरणारं आणि एक घालणारं, आणि तेवढ्यांना मात्र सगळं ठाऊक असतं. आबा गेल्यावर ती शाल मी वापरायला काढली. धुऊन धुऊन जर काळी पडली आहे, एका टोकाला विरली आहे. थंडीत शाळेतल्या जुन्या मैत्रिणी आल्या की म्हणतात, ही तुमच्या सत्कारातली ना? मी सांगते, नाही, वडिलांची आहे.