मराठीत उरलेले आजोबा

धारच्या बसस्टँडवर माझे वडील टाइमकीपर आहेत. कुठली बस किती वाजता लागली, किती वाजता सुटली हे वहीत लिहायचं आणि वेळ झाली की ड्रायव्हरला गाडी काढायला लावायची, हे त्यांचं काम. घरी आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, स्टँडवर सगळे माळव्यातल्या रीतीनं भिया, म्हणजे भाऊ म्हणतात. मनावर गावाला जाणारी, इंदूरला जाणारी हजारो माणसं त्यांनी रवाना केली असतील. स्वतः मात्र ते लग्नकार्याखेरीज धार सोडत नाहीत.

नर्सिंगला देवासला माझा नंबर लागला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. निघायच्या दिवशी आईनं हातावर दही ठेवलं आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. अण्णा मला स्टँडवर घेऊन आले, खिडकीजवळची जागा धरून दिली, बॅग वर ठेवली आणि खाली उतरून आपल्या टेबलाशी जाऊन बसले. आता खिडकीशी येतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी वाट बघत होते. ते आले नाहीत. वेळ झाली तशी त्यांनी नेहमीसारखी शिट्टी वाजवली, "चलो भिया, निकालो," म्हणाले आणि बस सुटली.

इंदूरपर्यंत मी रुसून बसले होते. तिथे उतरताना कंडक्टर म्हणाला, "बिटिया, घर फोन लगा लो. भिया तीन बार पूछ चुके कि पहुँची कि नहीं."

कॉलेजात आमच्या ट्यूटर मॅडमनी एक डायरी लिहायला लावली होती. दर शनिवारी एका शब्दावर एक पान. मॅडम शब्द द्यायच्या आणि तो शब्द आपल्या आठवड्यात कुठे भेटला ते आम्ही लिहायचं. पहिला शब्द होता 'प्रस्थान'. माझं शिक्षण सगळं हिंदीत झालेलं, निबंधात पहिला नंबर यायचा. मी झकास लिहिलं. पक्षी घरटं सोडतो, नदी डोंगर सोडते, असं पानभर. मॅडमनी खाली लाल पेनानं लिहिलं, "यह किसका जाना है? तुम्हारा तो नहीं लगता."

मला राग आला होता. पुढचं वर्षभर मी त्यांना आवडेल असं लिहायची खटपट केली, आणि त्या दर वेळी तसलंच काहीतरी विचारत राहिल्या.

दुसऱ्या वर्षी माझी ड्यूटी मेडिकल वॉर्डात लागली. तिथे हाटपिपल्याचे एक आजोबा आले. निवृत्त पटवारी, वय अठ्ठ्याहत्तर. लकवा झाला होता, उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. पहिले चार दिवस ते काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलायला लागले ते मराठीत. एखाद-दोन शब्द, अडखळत, पण सगळे मराठी. जन्मभर कचेरीत हिंदी आणि खेड्यापाड्यांत माळवी बोललेला माणूस, पण हिंदीचा एक शब्द त्यांना सापडेना.

डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधीकधी. दोन भाषा असल्या की एक आधी परत येते. "हिंदी लौटेगी कि नहीं, कह नहीं सकते. अभी जो बची है, उसी में बात कीजिए."

पण बोलणार कोण? आजोबांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, आणि घरातली मराठी तिच्याबरोबरच थांबली होती. मुलाचं खत-बियाण्यांचं दुकान, तो एक दिवसाआड यायचा. त्याला मराठी समजायची, पण बोलायला लाजायचा. दिवसभर उशाशी असायची ती सून. ती पीपलरावां गावची, माहेरची भाषा माळवी. सासऱ्यांनी "पाणी" म्हटलं की तिला कळायचं, कारण तिच्याकडेही पाणीच म्हणतात. त्यापलीकडे ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

वॉर्डाच्या सिस्टरनी आम्हा मुलींना विचारलं, "मराठी किसे आती है?" मी हात वर केला. पण माझी मराठी म्हणजे घरात जेवायला वाढण्यापुरती. वाचायला घेतलं तर ळ आला की अडखळायची.

"कोण गं तू?" आजोबांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"मी धारची, आजोबा. इथे शिकते."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "बस."

एवढ्या एका शब्दानं मी त्यांची झाले. पुढे सिस्टरनी माझी ड्यूटी बदलायला काढली तर सूनच त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून उभी राहिली.

आठवड्यानं एक घोटाळा झाला. आजोबा सकाळपासून एकच शब्द म्हणत होते. जीभ जड, त्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. मुलगा आला होता. त्यानं कान लावून ऐकलं आणि बायकोला म्हणाला, "बाबूजी पड़ोसी को बुला रिये हैं." सुनेला आश्चर्य वाटलं, कारण शेजाऱ्याशी आजोबांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. छपराच्या पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, एवढ्यावरून ते बंद झालं होतं. पण आजारी माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. मुलगा गावी गेला, शेजाऱ्याच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला.

शेजारीही सत्तरीचे. डोक्याला साफा, हातात केळ्यांची पिशवी. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "राम-राम, पटवारीजी." आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग मान भिंतीकडे वळवली. शेजारी हलले नाहीत. दीड तास तसेच बसून राहिले. त्यांना वाटलं, माफी मागायला बोलावलं आहे आणि आता जड जातंय. जाताना सुनेला म्हणाले, "कोई बात नी, बेटा. बुलाया, यही बहुत है." आणि डोळे पुसत निघून गेले.

ते जिना उतरेपर्यंत आजोबांचं पुन्हा सुरू झालं. तोच शब्द. या वेळी ते डाव्या हातानं स्वतःच्या खांद्यावर थापटत होते. मी जवळ जाऊन ऐकलं. पडोसी नव्हतं ते. पडशी होतं.

मलाही तो शब्द माहीत नव्हता. मी व्हरांड्यात जाऊन अण्णांना फोन लावला. मागे मनावरच्या बसचा हॉर्न वाजत होता.

"पडशी?" अण्णा म्हणाले. "अगं, खांद्यावर टाकायची पिशवी. मधे तोंड, दोन्हीकडे खण. एक पुढं लोंबतो, एक मागं. माझे आजोबा पागेत कामाला जायचे ना, त्यांची भाकरी असायची तिच्यात. कोण म्हणतंय पडशी? किती वर्षांनी ऐकला हा शब्द."

मी सुनेला हातानं आकार दाखवत हिंदीत सांगितलं. ती कपाळावर हात मारून हसायला लागली. घरी दाराच्या मागे असली एक जाड खादीची पिशवी टांगलेली होती आणि ती तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायची. पटवारी असताना आजोबा गावोगाव जमिनी मोजत हिंडायचे तेव्हा नकाशे, डबा, धोतर, सगळं त्यातच असायचं.

पडशी आली. धुऊन, इस्त्री करून आणली होती सुनेनं. आजोबांनी ती मांडीवर घेतली, डाव्या हातानं दोन्ही खण चाचपले आणि म्हणाले, "चला."

त्यांना घरी जायचं होतं. पडशी खांद्यावर आली की निघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

मी म्हणाले, "आजोबा, चालता आलं की जायचं. पडशी घेऊन चालत जायचं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. लबाडी करते की काय, असं. मग म्हणाले, "बरं."

त्या दिवसापर्यंत फिजिओथेरपीचे सर आले की ते डोळे मिटून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी ते उठवा म्हणून हात हलवत होते. आधी खाटेच्या कडेला बसणं. मग उभं राहणं, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला मी. घाम यायचा, तोंड वाकडं व्हायचं, क्वचित मला एखादी शिवी मिळायची, तीही इतकी जुनी की तिचा अर्थ पुन्हा अण्णांना विचारावा लागायचा. अण्णा म्हणायचे, "तो अर्थ नको विचारूस. पण माणूस सुधारतोय."

त्याच महिन्यात कॉलेजचा बक्षीस समारंभ झाला. पहिल्या वर्षात पहिल्या आलेल्या मुलींना चषक मिळाले. मी एका विषयात पुरवणी परीक्षा देऊन पास झाले होते, मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. शनिवारचा शब्द मॅडमनी मुद्दामच दिला असावा, 'उपलब्धि', म्हणजे कमावलेलं यश. मी लिहिलं की आज आजोबा कुणाचा हात न धरता चाळीस मोजेपर्यंत उभे राहिले, मी मराठीत मोजत होते, आणि सव्वीसनंतर चुकले तर त्यांनी मला दुरुस्त केलं.

मॅडमनी लिहिलं, "उपलब्धि उनकी है. तुम्हारी कौन-सी?"

मी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "मैडम, मेरी कोई नहीं है. मैं तो सप्लीमेंट्री वाली हूँ."

त्यांनी चष्मा काढला. "गिनती किसने सिखाई?"

"उन्होंने."

"तो सीखी किसने?" एवढंच बोलून त्या पुढची वही तपासायला लागल्या. मला बाहेर आल्यावर कळलं की सव्वीसपासून चाळीसपर्यंत मराठी आकडे मला आता न अडखळता येतात. तोपर्यंत मी ते हिंदीतच म्हणायचे.

आजोबांना दवाखान्यातून सुट्टी मिळाली तो सोमवार होता. मी अकरा वाजता वर्गात होते, सुट्टी दुपारी देतील असं सिस्टर म्हणाल्या होत्या. वर्ग सुटल्यावर मी धावतच वॉर्डात गेले तर खाटेवर नवी चादर आणि तिच्यावर सोनकच्छचा एक तरुण, सलाइन लावलेला. मुलाला गाडी लवकर मिळाली म्हणून ते साडेअकरालाच निघाले होते. सिस्टर म्हणाल्या, वॉकर धरून स्वतः लिफ्टपर्यंत चालले, खांद्यावर ती पिशवी. दोनदा थांबून मागे पाहिलं.

मी व्हरांड्यात जाऊन रडले. मग अण्णांना फोन केला. म्हटलं, भेट झाली नाही.

अण्णांनी आधी शिट्टी वाजवून एक गाडी काढायला लावली. मग म्हणाले, "हे बघ, गाडी सुटली की मी तिच्याकडे बघत उभा राहत नाही. बघत बसलो तर पुढची कोण काढणार?"

"आणि मी गेले तेव्हा?" मी विचारलं. दोन वर्षं मनात होतं ते.

"तेव्हा खिडकीशी आलो असतो तर तुला उतरवून घरी नेलं असतं," ते म्हणाले. "म्हणून टेबल धरून बसलो."

नवीन रुग्णाचा ताप बघायची वेळ झाली होती, मी आत गेले.

तिसऱ्या वर्षी आमची खेड्यातली पोस्टिंग हाटपिपल्याला आली. एका दुपारी काम लवकर संपलं तशी मी पत्ता विचारत आजोबांच्या घरी गेले. ओट्यावर दोन म्हातारे पेपर वाचत बसले होते. एक साफेवाले शेजारी. दुसरे आजोबा, वॉकर बाजूला ठेवून. दवाखान्यात दीड तास बसून गेलेला माणूस नंतर रोज विचारपूस करायला यायला लागला होता, आणि आजोबांनीही तो का बोलावला गेला हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

आजोबांनी मान वर केली. "आइए, बैठिए," ते म्हणाले. स्वच्छ हिंदीत. "किससे मिलना है?"

मला ओळखलं नव्हतं त्यांनी. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. मी एवढंच म्हटलं, "आप ही से. तबीयत पूछने आई थी." ते म्हणाले, "अच्छी है. थोड़ा पाँव खिंचता है." मी पाय पाहिला, पावलावर सूज नव्हती, पंजा छान उचलत होते. हिंदी परत आली होती, माणूस आपल्या गावात परतला होता, आणि दुभाष्याची गरज कुणालाच उरली नव्हती. तिथे स्टुलावर बसून मला हळूहळू बरं वाटायला लागलं, आणि जितकं बरं वाटत गेलं तितकं मला त्याचं नवल वाटत होतं.

सुनेनं मात्र लगेच ओळखलं. हात धरून आत नेलं, चहा केला. "चहा घ्या," ती मराठीत म्हणाली आणि स्वतःच लाजली. दवाखान्यातून आल्यावर तिनं सासऱ्यांकडून शिकायला सुरुवात केली होती. पुन्हा कधी तसं झालं तर आपल्याला कळायला हवं, म्हणून. रोज दोन-तीन शब्द. आजोबा आता दोन्ही भाषांत रागावतात, असं ती हसत सांगत होती.

मी निघाले तशी ती पदर खोचून माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. वाटेत तिनं अडखळत मराठीतच विचारलं, "दीदी, 'ओशाळणं' म्हणजे काय हो? बाबूजी सांगतात, पण मला नीट समजत नाही."

मी सांगायला लागले. हिंदीत सांगून पाहिलं, जमेना. मग आम्ही दोघी नाक्यावर उभ्या राहून तिच्या चुलत नणंदेच्या लग्नातला एक प्रसंग, माझ्या परीक्षेतला एक प्रसंग असे जोडत बसलो, तोवर दोन ऑटो निघून गेले.