साच्याची ढिली खीळ

रोज संध्याकाळी सहाला, ऑफिस सुटलं की, मुलीचा फोन येतो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बाबा, गोळ्या घेतल्या का?" गेल्या हिवाळ्यात मी उत्तर द्यायचो, "घेतल्या दोन, केल्या नऊ." पहिल्यांदा ती घाबरलीच. तिला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मग मी सांगितलं की या गोळ्या शिशाच्या आहेत, मासे धरायच्या जाळ्याच्या कडेला वजनासाठी ओवतात त्या. "बरं झालं, काहीतरी नाद लागला," ती म्हणाली. नाद हा शब्द मला झोंबला. तेहतीस वर्षं मी चिंचवडच्या कारखान्यात साचे दुरुस्त केले, तेव्हा त्याला कुणी नाद म्हणालं नव्हतं.

मुलगी सूसला राहते. तशी जवळ, पण तिच्या रविवारी तिला हजार कामं. मुळशीच्या पाण्याकाठी हे घर आम्ही दोघांनी निवृत्तीनंतर घेतलं, कारण बायकोला खिडकीतून पाणी दिसायला हवं होतं. तिने ते चार महिने बघितलं. ती गेल्यावर मी हट्टाने इथेच राहिलो. आमच्या रांगेत बावीस बंगले आहेत. शनिवारी सगळीकडे दिवे लागतात, रविवारी संध्याकाळी कुलपं लागतात. सोमवार ते शुक्रवार या रांगेत मी आणि माझा शेगडा. काम घट्ट धरून ठेवणारी ही लोखंडी पकड मी व्हरांड्यातल्या टेबलाला बसवली आहे. ती बघूनच तो आला.

तो म्हणजे वरच्या कातकरी वाडीतला पन्नाशीचा काटक माणूस. कुंपणापाशी उभा राहून बराच वेळ शेगड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "सायेब, साचा नीट व्हईल का?" साहेब मी कधीच नव्हतो, साहेबांनी बिघडवलेलं नीट करणारा होतो. पण हे सांगत बसलो तर तो निघून जाईल असं वाटलं, म्हणून फाटक उघडलं.

त्याने पिशवीतून बापाचा साचा काढला. सांडशीसारखे दोन दांडे, मध्ये खीळ, तोंडाशी दोन अर्ध्या वाट्या. त्या मिटून वरच्या भोकातून वितळलेलं शिसं ओतायचं की गोळी तयार. "एक गोळी दुसरीसारखी पडंना," तो म्हणाला. "जाळं एका अंगानं आधी बसतंय, दुसऱ्या अंगानं मासा निसटतोय."

माझा भात मोजायला मुलीने एक छोटा वजनकाटा आणून दिला आहे. त्याच्यावर मी गोळ्या ठेवल्या. दोन गोळ्यांचं वजन काही जुळेना. प्रत्येकीच्या कमरेला, दोन वाट्या जुळतात तिथे, पायरी आली होती, ओवायचं भोकही मधोमध नव्हतं. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते. कितीतरी दिवसांनी समोर काहीतरी बिघडलेलं होतं आणि ते माझ्याच्याने नीट होण्यासारखं होतं.

आधी वाट्या घासल्या. मग आतली हवा बाहेर पडावी म्हणून कडेला बारीक चरे पाडले, नाहीतर गोळी अर्धवट भरते. साच्याला आतून काजळी धरली की शिसं चिकटत नाही. त्या काजळीसाठी मी कपाटातून बायकोची समई काढली. ती गेल्यापासून देवापुढे एकदाही लावली नव्हती, आणि शिशासाठी लावली. आधी ती हसली असती, मग रागावली असती. मला दोन्ही ऐकायचं होतं.

दर चार-पाच दिवसांनी तो यायचा. साचा माझ्याकडेच ठेवून आठ-दहा गोळ्या न्यायचा, जाळ्याला बांधून बघायचा आणि तक्रार घेऊन परत यायचा. मी त्या तक्रारीची वाट बघायला लागलो. खुर्ची पुढे केली तर म्हणायचा, "हितं बरं हाय," आणि पायरीवर बसायचा. मग मीही पायरीवर बसायला लागलो. त्याला कोरा चहा लागायचा, मग मीही दूध टाकणं सोडलं. बोलणं बेताचंच. वारा कुठून आहे, पाणी किती मागं हटलंय. एकदा अचानक त्याने विचारलं, "बाई कवा गेल्या?" मी सांगितलं. त्याने कप पुढे केला, आणखी चहासाठी. हा प्रश्न मला कितीतरी महिन्यांत कुणी विचारला नव्हता.

आता खरं ते लिहायलाच हवं. सगळा दोष त्या मधल्या खिळीत होता. खीळ ढिली असल्यामुळे दांडे दाबले की वाट्या केसभर सरकायच्या. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी वाट्या घासत राहिलो, चरे पाडत राहिलो, खिळीला मात्र हात लावला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि तेही जाणूनबुजून. खीळ बदलणं हे एका दुपारचं काम होतं. ते झालं असतं तर तो आला नसता.

एका दुपारी तो कमरेपर्यंत भिजून आला. "आज चिलापीचा घोळकाच घावला व्हता," तो म्हणाला. "हलक्या अंगानं समदा गेला." आवाजात राग नव्हता. चहा त्याने नेहमीसारखाच घेतला. भिंतीला टेकवलेली त्याची पिशवी मात्र रिकामी होती, ती सारखी खाली घसरत होती. मला स्वतःची किळस आली. मला पायरीवर सोबत हवी होती म्हणून त्याच्या घरात कालवण शिजणार नव्हतं.

तो गेल्या गेल्या मी जुनी खीळ ठोकून काढली. भोक सरळ करून घेतलं आणि त्याला घट्ट बसेल अशी नवी खीळ घडवली. समई लावली, काजळी धरली, शिसं ओतलं. गोळी गोल पडली. दुसरीही तशीच. काट्यावर पुन्हा पुन्हा तोच आकडा. तो पुढच्या वेळी आला तेव्हा दोघांनी मिळून जुन्या सगळ्या गोळ्या वितळवल्या आणि नव्याने ओतल्या. दोन दिवसांत काम संपलं.

तिसऱ्या दिवशी मी काठावर उभा राहिलो. त्याने जाळं खांद्यावर घेऊन फेकलं. ते हवेत उघडलं ते थापलेल्या भाकरीसारखं गोल, आणि सगळ्या बाजूंनी एकदम पाण्यात गेलं. तो हसला. त्याला हसताना मी प्रथमच बघत होतो. "आता तुमाला तरास न्हाई, सायेब," तो म्हणाला आणि साचा पिशवीत टाकून वाडीची वाट चढून गेला.

त्यानंतर तो आला नाही. पहिला आठवडा मी म्हटलं, कामात असेल. दुसऱ्या आठवड्यातही दोन कपांचं पाणी ठेवत होतो. मुलीने फोनवर विचारलं, "आज किती केल्या?" मी म्हटलं, "नाही केल्या." "नाद सुटला वाटतं?" "सुटला," मी म्हटलं, आणि तिने विषय बदलला.

शेवटी एका संध्याकाळी, डब्यात उरलेली एक गोळी खिशात टाकून मी खाली गेलो. तो काठावर बसून जाळ्यातलं शेवाळ काढत होता. "ही राहिली होती," मी म्हणालो. त्याने ती तळहातावर फिरवून बघितली आणि कनवटीला लावली. झालं. दोन आठवडे जपलेलं निमित्त तेवढ्यात संपलं.

मग मी उभ्या उभ्याच बोललो. "ती खीळ ढिली होती. मला आधीच ठाऊक होतं. तुम्ही येत राहावं म्हणून तशीच ठेवली. तुमची मासळी गेली माझ्यापायी. आणि आता तुम्ही येत नाही, तर मला करमत नाही." एवढं एका दमात मी बायकोशीही कधी बोललो नव्हतो.

त्याने वर बघितलं नाही. "ठावं हाय," तो म्हणाला. "बापाचा साचा हाय. हातात धरला की खीळ कळती."

"मग बोलला का नाहीत?"

"मंग तुमी नीट कशापायी केली?"

"मासा निसटत होता ना तुमचा."

"मासा काय, उंद्या गावतोय," तो म्हणाला.

मी खाली बसलो. त्याने जाळ्याची एक कड माझ्या मांडीवर टाकली. शेवाळ बरंच होतं आणि गोळ्यांच्या आसपास जास्तच गुंतलं होतं. सहाला खिशातला फोन वाजायला लागला. माझे दोन्ही हात जाळ्यात होते.